क्रोशाचे गजरे, स्क्रंची आणि कानातली: विणण्यापासून विक्रीपर्यंत

क्रोशाचं खरं विणकाम अजून यंत्राला जमलेलं नाही. मीटरवर मिळणारी, क्रोशासारखी दिसणारी लेस ही यंत्रावरची निराळीच वीण असते. विकायला बसणाऱ्याने यातून एक गोष्ट लक्षात घ्यावी: प्रत्येक नगात कोणाच्या तरी हाताची मिनिटं जाणारच, आणि ती एका मर्यादेपलीकडे कमी होत नाहीत. म्हणून काय विणायचं हे ठरवताना आधी घड्याळ बघावं. शाल, टेबलक्लॉथ, बाळाचा स्वेटर यांचं कौतुक खूप होतं, पण चाळीस तासांच्या मजुरीचे पैसे क्वचितच कोणी मोजतं. पाऊण तासाच्या आत होणारी, पाकिटात मावणारी आणि सणासुदीला चार-चार घेतली जाणारी वस्तू धंद्याला बरी. त्या हिशेबात मोगऱ्याचा गजरा, केसांची स्क्रंची (दोऱ्याच्या झालरीने मढवलेलं केसांचं रबर) आणि कानातली चांगली बसतात. सुरुवातीला या तिनांवरच थांबावं. पंधरा प्रकार मांडले की प्रत्येकाचे रंग साठवावे लागतात आणि पैसा लोकरीत अडकतो.

दोरा आणि सुई

गजऱ्याला आणि स्क्रंचीला ४-प्लाय (चार पदरी) मिल्क कॉटन हा मऊ सुती मिश्र दोरा घ्यावा. ॲक्रिलिक लोकर स्वस्त पडते, पण घासली गेली की तिच्यावर गोळे येतात आणि पांढऱ्या रंगात ते लगेच दिसतात. मखमली दोरा स्क्रंचीला छान दिसतो, मात्र टाके मोजता येत नाहीत आणि कापलेल्या टोकाचे तंतू झडत राहतात. नवख्या हाताने त्याच्या वाटेला जाऊ नये. कानातल्यांना मर्सराइज्ड (प्रक्रिया करून गुळगुळीत केलेला) सुती दोरा, २० नंबरचा. त्याला चमक असते आणि नक्षी स्वच्छ उठून दिसते.

सुया दोनच पुरतात: मिल्क कॉटनला २.५ मिमीची, २० नंबरच्या दोऱ्याला १.२५ मिमीची स्टीलची. सुई घेताना तिच्या टोकाच्या खाचेवरून बोट फिरवून बघा. खाच धारदार असेल तर ती दर टाक्याला दोऱ्याचे पदर फोडते, आणि दोष मात्र आपण दोऱ्याला देतो.

दोरा घेताना वेष्टणावरचा लॉट नंबर जुळवून घ्या. एकाच रंगाच्या दोन लॉटमध्ये हलका फरक असतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो कळत नाही, उन्हात कळतो. पुण्यात रविवार पेठ, बोहरी आळी आणि तुळशीबाग, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आजूबाजूच्या गल्ल्या इथे दोरा, कड्या आणि पिना घाऊक भावात मिळतात. पण पहिल्या खेपेला प्रत्येक रंगाचा एकेकच गोळा आणा. लाल, मरून आणि गडद हिरवा हे रंग सुती दोऱ्यात हमखास दगा देतात. हातभर तुकडा पांढऱ्या फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. फडकं रंगलं तर तो दोरा पांढऱ्याच्या जोडीला वापरू नका.

टाक्यांची नावं आधी पक्की करा

इथे मुका खांब म्हणजे सुई टाक्यात घालून दोरा ओढायचा आणि सुईवरचे दोन्ही फासे एकदम काढायचे. खांब म्हणजे सुईला आधी एक वेढा देऊन, मग दोन-दोन फासे करून काढायचं. इंटरनेटवरच्या नमुन्यांत इथेच घोळ होतो. अमेरिकन नमुन्यातला सिंगल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, आणि त्यालाच ब्रिटिश नमुने डबल क्रोशे म्हणतात. नमुना कुठला हे न पाहता विणायला घेतलं की वस्तू जवळजवळ दुप्पट उंच होते किंवा आखडून निम्मी राहते.

मोगऱ्याचा गजरा

एका गजऱ्याला पांढरा दोरा साधारण ७ ग्रॅम, हिरवा २ ग्रॅम, दोन यू-पिना आणि बोथट टोकाची जाड शिवणसुई लागते.

१. हिरव्या दोऱ्याचं २५ सेमी टोक मोकळं सोडा. हाच पुढे गजरा बांधायचा बंद होतो. आता ५१ साखळ्या घाला. सुईपासून दुसऱ्या साखळीत सुरुवात करून शेवटपर्यंत ५० मुके खांब विणा. पट्टी सुमारे २० सेमी भरते. शेवटीही २५ सेमी टोक ठेवून दोरा कापा.

२. पट्टीच्या एका टोकाच्या मुक्या खांबात पांढरा दोरा जोडा. ३ साखळ्या घाला. सुईला वेढा द्या, या तीन साखळ्यांतल्या सर्वांत तळच्या साखळीत सुई घाला आणि दोरा सव्वा सेंटीमीटर उंच ओढा. हेच आणखी दोनदा त्याच जागी करा. आता सुईवर ७ फासे दिसले पाहिजेत. दोरा घेऊन सातही फाशांतून एकदम काढा आणि एक साखळी घट्ट ओढून कळीचं तोंड बंद करा.

३. एक मुका खांब सोडून पुढच्यात स्लिप स्टिचने (सुई टाक्यात घालून दोरा ओढायचा आणि तसाच सुईवरच्या फाशातून काढायचा) कळी टेकवा. कळी दुमडते आणि फुगून वर येते. असं करत पट्टीच्या या कडेला २५ कळ्या बसवा.

४. पट्टी फिरवा. साखळीच्या खालच्या कडेला तशाच २५ कळ्या, पण पहिल्या बाजूच्या दोन कळ्यांमधल्या फटीत येतील अशा एक घर सरकवून. समोरासमोर आल्या तर मध्ये हिरवी पट्टी उघडी दिसते आणि गजरा विरळ वाटतो.

कळ्या लहान-मोठ्या येण्याचं कारण जवळपास नेहमी एकच असतं: ओढलेल्या फाशांची उंची. सुईच्या दांड्यावर सव्वा सेंटीमीटरवर पक्क्या शाईने खूण करा आणि प्रत्येक फासा तिथपर्यंत आणा. सात फाशांतून सुई निघताना अडकत असेल तर फासे घट्ट आहेत. जोर लावू नका, उंची थोडी वाढवा. आणि बंद करायची साखळी सैल राहिली तर दोन-तीनदा माळल्यावर कळी उकलून नुसते उभे दोरे दिसायला लागतात. गिऱ्हाइकाची तक्रार येते ती याचीच.

पांढरं काम करताना हात दर अर्ध्या तासाने धुवा आणि गोळा झाकणाच्या डब्यात ठेवून झाकणाच्या भोकातून दोरा काढा. तयार गजरा सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून, टॉवेलवर दाबून, सावलीत वाळवा. खरा वास यावा म्हणून अत्तर फवारण्याचा मोह होतो, पण तेलकट अत्तराचे पिवळे डाग पडतात आणि जात नाहीत.

स्क्रंची

बिनसांध्याचं जाड केसांचं रबर घ्या, ५ सेमी व्यासाचं. धातूची पट्टी असलेलं रबर दोऱ्याला कापतं. रबराभोवती ६० मुके खांब घाला. या आकड्यात कंजुषी करायची नाही. ५ सेमी व्यासाच्या रबराचा घेर साधारण १६ सेमी असतो आणि वापरताना तो बराच ताणला जातो. टाक्यांची ओळ तेवढी लांब नसेल तर स्क्रंची ताणतच नाही, आणि जोर लावला तर ओळ तुटते. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात २ खांब, म्हणजे १२०. कडेला हवी तर ३ साखळ्यांची टोकं, नको तर इथेच थांबा. दोरा ७-८ ग्रॅम लागतो. विकण्याआधी प्रत्येक नग दहा वेळा पूर्ण ताणून बघा.

कानातली

मॅजिक रिंगमध्ये (टोक ओढलं की बंद होणारा दोऱ्याचा गोल) ३ साखळ्या (हा पहिला खांब) आणि १५ खांब, म्हणजे एकूण १६. गोल ओढून बंद करा, स्लिप स्टिचने जोडा. दुसरी फेरी: ३ साखळ्या, एक खांब सोडून पुढच्यात मुका खांब, अशी ८ कमानीची घरं. तिसरी फेरी: प्रत्येक घरात १ मुका खांब, २ खांब, ३ साखळ्यांचं टोक, २ खांब, १ मुका खांब. चकती अंदाजे ३ सेमीची होते. ती वाटीसारखी वळत असेल तर टाके कमी पडलेत किंवा हात घट्ट आहे. कडांना झालरीसारख्या चुण्या पडत असतील तर टाके जास्त आहेत. जोडीतली दोन्ही एकाच बैठकीत विणा. सकाळचा हात आणि रात्रीचा हात सारखा ओढत नाही, आणि कानात लटकल्यावर दोन मिलिमीटरचा फरकही दिसतो.

आता कडकपणा. फेविकॉल आणि पाणी समप्रमाणात मिसळून चकती त्यात बुडवा आणि दोन बोटांत निपटून काढा. थर्माकोलवर प्लास्टिक अंथरा आणि चकतीचं एकेक टोक न गंजणाऱ्या टाचणीने ताणून बसवा. साध्या टाचण्या ओल्या दोऱ्यात तांबूस ठिपके सोडतात. उन्हाळ्यात एका रात्रीत वाळते, पावसाळ्यात दोन दिवस धरा. घरोघरी साखरेच्या पाकाने कडक करायची जुनी रीत आहे, पण पाकाला दमट हवेत चिकटपणा येतो आणि मुंग्या लागतात. विकायच्या मालाला ती नकोच.

कडी जोडताना पक्कडीने तिची दोन तोंडं बाजूला, एक पुढे एक मागे, अशी वळवून उघडा. आडवी फाकवली तर ती पुन्हा नीट मिटत नाही आणि कानातलं गर्दीत कुठेतरी पडतं. आकडे स्टेनलेस स्टीलचे घ्या. स्वस्त आकड्यांतल्या निकेलने अनेकांचे कान चिघळतात. चार-पाच रुपये वाचवून परत येणारं गिऱ्हाईक घालवण्यात अर्थ नाही.

तिन्ही वस्तूंत दोऱ्याची टोकं लपवायची पद्धत एकच. १५ सेमी टोक ठेवा, शिवणसुईने टाक्यांच्या पोटातून ३ सेमी एका दिशेने, मग उलट, मग तिरकं ओवा आणि मगच कापा. नुसती गाठ मारून कापलेलं टोक धुतल्यावर बाहेर येतंच.

भाव कसा काढायचा

"दोऱ्याच्या तिप्पट" हा ठोकताळा गजऱ्याला लावला तर मजुरीच हाती येत नाही. हिशेब नगावर करा. ५० ग्रॅमचा गोळा १०० रुपयांना पडला असं धरू. ९ ग्रॅमचे १८ रुपये, पिना २ रुपये. हात बसल्यावर गजऱ्याला ४० मिनिटं लागतात; तासाला ९० रुपये मजुरी धरली तर ६० रुपये. पाकीट, कार्ड, लेबल ८ रुपये. बेरीज ८८. यावर खराब निघालेले नग, प्रवास, वीज, फोटोतला वेळ यासाठी २० टक्के, म्हणजे सुमारे १८. एकूण १०६. किरकोळ भाव १५० ठेवला तर घासाघीस, कमिशन आणि घाऊक सवलत यांना जागा उरते. २५ नगांच्या वर १२० घ्या. १०६ च्या खाली उतरलात तर ती सूट तुमच्या मजुरीतून जाते. मिनिटं अंदाजाने लिहू नका: फोनवर घड्याळ लावून सलग पाच नग विणा, टोकं लपवण्याचा आणि पॅकिंगचा वेळही धरा, मग सरासरी काढा. टोकं लपवायचा वेळ सगळे विसरतात.

कधी काय विकलं जातं

क्रोशाच्या धंद्याला महाराष्ट्रातलं पंचांग समजून घ्यावं लागतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवाच्या वाणासाठी एकेक बाई २५ ते ५१ नग मागते. ५१ गजरे म्हणजे ३४ तासांचं काम, रोज तीन तास बसलं तर बारा दिवस. म्हणून वाणाची ऑर्डर डिसेंबरच्या वीस तारखेनंतर घेऊ नका, किंवा आधीपासून साठा करा. वाणाला गजऱ्यापेक्षा स्क्रंची सोपी, कारण ती केस लांब नसले तरी चालते. श्रावणात मंगळागौर, तेव्हा गजरा आणि अबोली रंगाच्या वेण्या. नवरात्रात नऊ रंग. पहिल्या सात दिवसांचे रंग वाराला बांधलेले असतात आणि घटस्थापनेच्या वारानुसार फक्त त्यांचा क्रम फिरतो: सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी करडा, रविवारी नारिंगी. त्यामुळे हा साठा वर्षभर आधीही करता येतो आणि उरला तरी पुढच्या वर्षी चालतो. करडा रंग एरवी पडून राहतो, तो कमीच विणा.

ऑनलाइन

सकाळी नऊ ते अकरा, खिडकीजवळ, थेट ऊन न येता फोटो काढा. सावलीच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करा. पांढरा गजरा पांढऱ्या कागदावर ठेवला तर कळ्यांचा आकार पुसला जातो. हिरव्या किंवा जांभळ्या खणाच्या कापडावर ठेवा. एक फोटो अंबाड्यावर माळलेला, एक मोजपट्टीशेजारी ठेवलेला आणि एक मागच्या बाजूचा. "फोटोत मोठं वाटलं होतं" ही तक्रार टाळायची असेल तर लांबी-रुंदी सेंटीमीटरमध्ये मजकुराच्या पहिल्या ओळीतच लिहा.

इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर मागणी आली की रंग, संख्या, तारीख आणि पोस्टखर्च एकाच मेसेजमध्ये लिहून 'होय' मागवा. खास रंगाच्या ऑर्डरला निम्मे पैसे आधी घ्या. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसल्याशिवाय माल पाठवू नका. कोणी "पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका" म्हणालं तर तिथेच बोलणं थांबवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

कुरिअरवाले वजन किंवा आकारमान यांपैकी जे जास्त भरेल त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून बहुतेक ठिकाणी ५००० ने भागतात. २५×२०×१० सेमीचा खोका आतला माल २०० ग्रॅमचा असला तरी एक किलोचा धरला जातो. गजरा १५×१०×३ सेमीच्या पुठ्ठ्याच्या डबीत जातो, तिचं आकारमान १०० ग्रॅमच्या आत राहतं. कळ्या दबल्या तरी किटलीच्या वाफेवर धरल्या की फुगतात. हे तीन ओळींत छापून पाकिटात टाका. पावसाळ्यात आत सिलिका जेलची पुडी हवीच.

जत्रा आणि प्रदर्शनं

पुण्यातली भीमथडी जत्रा, बचत गटांसाठीचं मुंबईचं महालक्ष्मी सरस, तिथलाच जानेवारी-फेब्रुवारीतला काळा घोडा महोत्सव अशा मोठ्या ठिकाणी अर्ज महिनोन्‌महिने आधी जातात आणि निवड होते. सरससारख्या ठिकाणी एकट्याने जाण्यापेक्षा गटातून जाणं सोपं. सुरुवात मात्र सोसायटीच्या किंवा शाळेच्या एका दिवसाच्या प्रदर्शनाने करा.

स्टॉल घेण्याआधी हा हिशेब मांडा. तीन दिवसांचं भाडं ६०००, ने-आण आणि जेवण १५०० धरलं तर खर्च ७५००. १५० च्या गजऱ्यात मजुरी-साहित्य वजा जाता ६२ रुपये उरतात. म्हणजे हा खर्च निघायलाच १२१ गजरे, दिवसाला चाळीस, विकावे लागतात, आणि ते विणायलाच ८० तास लागतात. आकडा अशक्य वाटत असेल तर दोघी-तिघींनी टेबल वाटून घ्या.

टेबलावर माल सपाट पसरू नका, चालत जाणाऱ्याला तो दिसत नाही. मागे डोळ्यांच्या उंचीची जाळी, तिच्यावर कानातली. पुढे एक नकली अंबाडा, त्यावर गजरा. आरसा नसेल तर कानातली विकली जात नाहीत. प्रत्येक नगावर किंमत लावा, कारण संध्याकाळच्या गर्दीत भाव विचारायला थांबण्याऐवजी लोक पुढे जातात. डिसेंबरच्या मैदानात धूळ फार, म्हणून प्रत्येक रंगाचा एकच नग उघडा आणि बाकीचे पाकिटात. पन्नास-शंभरच्या सुट्ट्या नोटा, चिमट्याचा दिवा आणि पॉवर बँक घ्या. रिकाम्या वेळी मोबाइलमध्ये डोकं घालण्याऐवजी विणत बसा. सुई चालताना दिसली की लोक थांबतात आणि यंत्राचं आहे का हा प्रश्न उरत नाही.

कागदपत्रं

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आधार आणि पॅनवर सरकारी पोर्टलवर फुकट होते. पैसे मागणारी संकेतस्थळं दलालांची असतात. महाराष्ट्रात वस्तूंच्या विक्रीला जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीची आहे. ॲमेझॉन, मीशोसारख्या मंचावरून विकायला पूर्वी उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्याला पॅनच्या आधारे एनरोलमेंट क्रमांक घेऊन विकता येतं. मंचावरून परराज्यात माल पाठवायचा तर मात्र नोंदणी लागते. गोव्याच्या किंवा बंगळुरूच्या प्रदर्शनात स्टॉल घेण्याआधी सीएला विचारा: परराज्यातल्या विक्रीत अधिसूचित हस्तकला वस्तूंना सवलत आहे, पण आपला माल जीएसटीच्या कोणत्या कोडखाली बसतो ते आधी ठरलेलं असावं.

पुढेमागे कापूस भरलेल्या बाहुल्या विकायच्या असतील तर एक नियम लक्षात ठेवा. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह सक्तीचं आहे. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी झालेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना यातून सूट आहे, म्हणून कारागिराचं पहचान कार्ड आधी काढून घ्या. आणि लहान मुलाच्या हातात जाऊ शकेल अशा कोणत्याही वस्तूला चिकटवलेले मणी किंवा डोळे लावू नका, ते दोऱ्यानेच भरा. प्रसिद्ध कार्टूनची पात्रं विणून विकणंही टाळा. त्यांचे हक्क मालकांकडे असतात आणि तक्रार आली की मंचावरचं दुकान बंद होऊ शकतं.